अंगठा माझा, आवाज तिचा

ज्योत्सनाचा आवाज काही चांगला नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. नाकात बोलते. बारा महिने सर्दी झाल्यासारखी. तरी यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या बोडीटोल्यापासून अड्याळच्या बाजारापर्यंत जो तो मोबाइलवर तिचाच आवाज लावून ऐकत होता, आणि मी बाजूला मासे विकत बसले होते.

ज्योत्सना माझी धाकटी जाऊ, मुन्नाची बायको. आम्ही ढिवर. पुरुषांनी तलावात जाळं टाकायचं आणि बायांनी टोपली घेऊन बाजारात बसायचं, हे आमच्याकडचं ठरलेलं. घरात बाजार माझ्याकडे, कारण माझ्या तोंडाला अख्खं अड्याळ वचकून असतं. आणि नुसतं तोंड असून भागत नाही, डोकंही लागतं. भाव मीच ठरवते, पण गिऱ्हाइकाला सांगते, "माह्या सासूनं बांधून देल्ला जी, कमी केला त मले घरात घेनार नाई." एकदा तर मेलेल्या आजेसासूच्या नावावर मी मरळ विकली आहे. आम्ही सगळ्याच असं करतो. आपलं बोलणं घरातल्या मोठीच्या नावावर घातलं की गिऱ्हाईक वाद घालत नाही.

ज्योत्सना बाजारात बसत नाही. ती बारावी पास. अंगणवाडीच्या यादीत तिचं नाव लागलं आहे, फक्त ठाण्यातून चारित्र्याचा दाखला यायचा बाकी. सासू, सखाबाई तिचं नाव, तिला रोज विचारते, "जेवली का वो?" मला पंधरा वर्षांत दोनदा विचारलं असेल, त्यातही एकदा मी तापाने पडले होते. माझ्या पोटात दुखतं ते यासाठीच. लपवून काय करू?

एकदाच मी तिच्या वरचढ ठरले होते. चार वर्षांपूर्वी, तिच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, बाजारात छत्री लावून बसलेल्या सिमवाल्याकडे आम्ही दोघी गेलो होतो. तिला नवीन नंबर हवा होता. तिचं माहेर शिंगाड्यावाल्यांचं. लहानपणापासून उकडलेले शिंगाडे चाकूने सोलून सोलून तिच्या अंगठ्यावरच्या रेघाच गेलेल्या. यंत्रावर पाच वेळा दाबला, अंगठा काही उठेना.

"तुमी द्या ना बाई," ती मला म्हणाली.

माझा अंगठा एका दमात उठला. मला बरं वाटलं. तिच्याकडे नसलेलं काहीतरी माझ्याकडे निघालं होतं. तिने मला भजी खाऊ घातली आणि मी ती गोष्ट विसरून गेले.

यंदा होळी झाल्यावर पंचायतीने तलावाच्या पाळीवर खांब रोवून कॅमेरा बसवला. मासे चोरीला जातात म्हणे. त्याचा टीव्ही पंचायतीच्या खोलीत. तिथे सरपंच सेवकराम आणि आणखी चार रिकामटेकडे शेंगा फोडत दिवसभर बसायचे. कॅमेऱ्याचं तोंड नेमकं बायांच्या घाटाकडे. आम्ही तिथेच आंघोळ करतो, तिथेच कपडे धुतो, कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिथेच झिंगे धरतो. पहिल्या आठवड्यातच तरण्या पोरींनी घाटावर येणं सोडलं. म्हाताऱ्या अंगावर लुगडं असताना वर आणखी चादर गुंडाळून आंघोळ करायला लागल्या.

एका सकाळी मी आंगणात पावशीच्या पात्यावर मासे चिरत होते. सासू त्या कॅमेऱ्याला शिव्या देत होती. मी म्हटलं, "मासा चोरीले जाते मनून कॅमेरा लावला मनतेत. मासा त पान्यात रायते. कॅमेऱ्यात पान्यातला मासा नाई दिसत, पान्यातून निंगालेली बाई दिसते. मंग हे चोर पाहून रायले का आमाले पाहून रायले?"

सासू हसली. मुन्ना हसता हसता खोकायला लागला. ज्योत्सना मात्र हसली नाही, हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. माझ्या शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या गुड्डीने फोन लावला. स्टेटसवरचा तीस सेकंदांचा तुकडा, वर आमच्या तलावाचा फोटो. आणि सुरू झालं, "मासा चोरीले जाते मनून कॅमेरा लावला मनतेत..." नाकातला आवाज. माझं वाक्य, अक्षर न् अक्षर माझं, आणि वर तिचा आवाज.

"तुमची ज्योत्सना काय बोलते वो रंजू!" गुड्डी म्हणाली. "शिकलेली बाई शिकलेलीच असते."

"ते मी म्हनलं होतं. माह्या आंगनात."

"हाव, आता सप्पाच मनतीन आमी म्हनलं मनून."

त्या दिवशी मी रोहू चिरताना स्वतःचं बोट कापून घेतलं.

ज्योत्सना असलं काहीबाही आमच्या फोनवरही पाठवायची. आमचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा फोन, पण तो दिवसभर माझ्याच कमरेला. वर तिचं नाव दिसलं की मी न ऐकताच पुसून टाकायचे. घरात ऐकतो ते काय कमी आहे? हेही त्या आठवड्यात आलं होतं, मी पुसलं होतं. पण आता गुड्डीकडून तो तुकडा मागून घेतला आणि दुपारी सगळे पडले की गोठ्यामागे जाऊन ऐकायला लागले. मला आवडायचं म्हणून नाही, चिडायला. ती कुठे थांबते, कुठे श्वास घेते, 'बाई दिसते' म्हणताना आवाज कसा खाली आणते, सगळं मला पाठ झालं. चोराला चोर म्हणावं तर पुरावा हवा, आणि पुरावा माझ्या कमरेला होता. पण मी तिला तोंडावर एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला झोंबलं हे तिला कळलं असतं.

तिने आणखी दोन टाकले. दुसऱ्यात, टीव्हीसमोर शेंगा खायला कोण कोण बसतं त्यांची नावं. तिसऱ्यात तिने एवढंच सांगितलं की मंगळवारी सकाळी सगळ्या बाया आपापलं ओलं लुगडं घेऊन पाळीवर येतील. आणि आल्याही, तीस-चाळीस जणी. खांबावर ओली लुगडी टाकली. मीही गेले होते, माझं हिरवं लुगडं टाकलं. पण ज्योत्सनाचा निळा पदर सगळ्यांच्या वर, थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यावर. उंची आहे ना मेलीला. फोटो निघाला त्यात तिचाच पदर फडफडत होता, माझं हिरवं कुठे दिसलंही नाही.

चार दिवसांनी ठाण्याचा जमादार मोटरसायकलवर आला. चंद्रकुमार नावाचा, जाडा, घामाघूम. सगळ्यांना वाटलं, ज्योत्सनासाठीच आला. सासूने पदराने डोळे पुसायला सुरुवातसुद्धा केली. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते: आता बस म्हटलं. आता कळेल दुसऱ्याचं बोलणं उचलणं काय असतं.

जमादाराने कागद उघडला. "रंजू लिलाधर नान्हे कोन?"

मी भिंतीपासून बाजूला झाले. "मी. काऊन?"

"नंबर तुमच्या नावावर हाय. तीन क्लिपा, गावात अशांतता, प्रशासनाच्या विरोधात चिथावनी. उद्या अकरा वाजता ठान्यात या. फोन घेऊन." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मासे विकते ना तू? तुले कायले पायजे होतं हे सारं?"

तो गेला. ज्योत्सनाचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. सासू म्हणाली, "रंजू, लहानीचा दाखला त्याच ठान्यातून येनार हाय. तिचं नाव निंगालं त नोकरी गेली. तू कशीबी निभावून ने वो."

"आनं माह्यावर केस झाली त?"

"तुले कुठी नोकरीले जायचं हाय?"

हे सासूने म्हटलं. तोंडावर. माझा नवरा सहसा घरातल्या भांडणात पडत नाही, पण तो म्हणाला, "काही निभावून नाई न्यायचं. सरळ सांग, फोन लहानीचा हाय." मुन्ना मान खाली घालून बसला. ज्योत्सना उठून माझ्यासमोर आली. "बाई, मी येन तुमच्यासंग. मीच सांगन."

"तू कायले? मले तोंड हाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला ठाण्यात सोडलं. मागच्या ऑटोने ज्योत्सना आली आणि बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसली. तिचा फोन माझ्या हातात होता. रस्ताभर मी एकच वाक्य घोळवत आले होते. 'साहेब, फोन माह्या जावंचा हाय, मले काही मालूम नाई.' मी ते म्हणणारच होते. मला त्यात काही पापही वाटत नव्हतं.

साहेब तरुण होता, पश्चिमेकडचा, आमच्यासारखं न बोलणारा. त्याच्यापुढे कॉम्प्युटर. "बसा बाई. फोन उघडा."

फोनला कुलूप होतं, ठिपक्यांवर रेघ ओढायचं. ज्योत्सनाने मला ते सांगितलं नव्हतं, घाबरून विसरली असेल. पण मला येत होतं. पाच माणसांच्या घरात ती दिवसातून पन्नास वेळा तो फोन उघडायची आणि प्रत्येक वेळी मी तिच्या अंगठ्याकडे बघत असायचे. मी पहिल्याच खेपेला उघडून दिला.

फोन माझाच आहे का, ही साहेबाची शंका तिथेच अर्धी गेली. मग तो पडद्यावर बघून वाचायला लागला. हा नंबर चार वर्षांत कुठल्या कुठल्या टॉवरखाली गेला, दिवाळीत कुठे होता, भंडाऱ्याला किती वेळा, शिंगाड्याच्या हंगामात कुठल्या गावात आठ दिवस. ते ज्योत्सनाचं माहेर. कागदावर मी चार वर्षं माहेरपणाला जात होते, भंडाऱ्याला परीक्षा द्यायला जात होते, आणि इथे खरी मी टोपली घेऊन अड्याळच्या पलीकडे गेले नव्हते. मला हसू आलं आणि रागही आला. त्यांनी चार वर्षं पाळत ठेवली आणि बाईच चुकवली. मी पाच माणसांत बसून त्यांच्याहून चांगली ठेवली होती.

"साहेब, हा फोन..." मी सुरुवात केली.

"थांबा. आधी हे ऐका." त्याने बटण दाबलं.

नाकातला आवाज. पण सुरुवात वेगळी होती. "मी बोडीटोल्यातून बोलून रायली. आमच्या घरी माही मोठी जाव हाय. तिच्यासारखं बोलता आमच्या सात गावात कोनाले येत नाई. ते कधी मोबाइलवर बोलनार नाई, मनून तिची गोष्ट मी सांगतो. तिनं काल मासे चिरता चिरता असं म्हनलं..." आणि मग ते, "मासा चोरीले जाते मनून कॅमेरा लावला मनतेत..."

मी साहेबाला म्हटलं, "पुन्हा लावा जी."

"का?"

"मले नीट आयकू नाई आलं."

त्याने पुन्हा लावलं. तिच्यासारखं बोलता आमच्या सात गावात कोनाले येत नाई. माझे कान गरम झाले. लग्न होऊन आल्यापासून माझ्याबद्दल चांगलं म्हणून कुणी चार शब्द बोललं असेल तर मला आठवत नाही, आणि हिने ते साऱ्या जगाला सांगून टाकलं होतं. लोकांनी स्टेटसवर बसवायला हे सुरुवातीचं कापलं होतं. आणि पूर्ण जे माझ्या कमरेला आलं होतं, ते मी माझ्या हाताने पुसलं होतं.

"आता मला सांगा," साहेब पुढे झुकला, "ही मोठी जाऊ कोण? बोलणाऱ्या बाईपेक्षा बोलायला लावणारी मला हवी आहे. तिचं नाव द्या, तुमचं काय ते बघू."

मागून जमादार म्हणाला, "साहेब, हेच घरातली मोठी हाय. हिले मोठी जाव नाई. लहानी हाय एक."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "मग या क्लिपमध्ये बोलतंय कोण?"

इथे मला एकच शब्द बोलायचा होता. लहानी. अंगणवाडी गेली असती, सासूचं 'जेवली का' गेलं असतं, निळा पदर खाली आला असता. कालपर्यंत मी एवढ्यासाठीच जगत होते. पण मघाचं ते वाक्य कानात होतं. वाक्य माझं, अंगठा माझा, कौतुक माझं. मग हे सगळं तिच्या नावावर लिहून द्यायला मी काय खुळी आहे? आवाज तिचा असला तर असू दे, आज तोही माझाच.

"मीच बोलली," मी म्हटलं. "मोठी जाव बी मीच."

"स्वतःबद्दल असं बोलतं का कुणी?"

"तुमी बजारात नाई आले जी कधी. आमी मासे विकनाऱ्या बाया आपलं बोलनं मोठीच्या नावावर घालतो. भाव माहा रायते, नाव सासूचं रायते. मी मनलं मनून सांगतलं त कोन आयकते? जमादाराले विचारा, त्यायची बायको माह्याचपासून मरळ नेते."

जमादार हसला. "खरं हाय साहेब. मेलेल्या आजेसासूचं नाव सांगून माह्या बायकोले लुटलं हिनं."

साहेब हसला नाही. "आवाज वेगळा आहे."

"सर्दी झाली होती."

"म्हणून दाखवा."

मी नाकाला पदर लावला आणि म्हणून दाखवलं. पहिल्यापासून. तिच्यासारखं बोलता आमच्या सात गावात कोनाले येत नाई, हेही म्हटलं, आणि ते म्हणताना जरा अडखळले, पण पुढचं गोठ्यामागे पाठ झालेलं होतं. ती जिथे थांबते तिथे थांबले, जिथे श्वास घेते तिथे घेतला, 'बाई दिसते'ला आवाज खाली आणला. संपल्यावर बाहेरच्या टेबलावरचा शिपाईही दारात येऊन उभा होता.

मग माझं एक मी वाढवलं. "आनं साहेब, तुमच्या ह्या खोलीत बी वर कॅमेरा हाय. पन त्याचं तोंड दरवाज्याकडे हाय, तुमच्या न्हानीकडे नाई."

साहेबाने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, आज गुन्हा नोंदवत नाही. फोन जमा. नंबर बंद. आणि हमीपत्र, की एक वर्ष मी कुठेही, कुठल्याही फोनवरून, असं काही बोलणार नाही. जमादाराने लिहिलं. खाली अंगठा दिला, तो एका दमात उठला.

बाहेर आले तर ज्योत्सना बाकावरून उठून माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले.

"तुमी माह्यासाठी..."

"तुह्यासाठी कायचं वो? माह्यासाठी. आता ते माहं हाय, सरकारी कागदावर हाय."

ती रडत होती आणि नाकातून बोलत होती, त्यामुळे आणखीच घाण आवाज येत होता. "मी पूर्न टाकलं होतं बाई. पहिलं तुमालेच पाठवलं होतं. तुमी काहीच नाई बोलल्या, मले वाटलं तुमाले राग आला."

"आयकलं नव्हतं," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. पुसलं होतं हे सांगायची हिंमत झाली नाही.

महिन्याभराने तिचा दाखला आला. कॅमेरा अजून खांबावर आहे, पण त्याचं तोंड आता रस्त्याकडे वळवलं आहे, आणि पोरी घाटावर यायला लागल्या आहेत. सेवकराम माझ्याशी बोलत नाही. सासू तिलाच विचारते, "जेवली का वो?" आणि मग ज्योत्सना मुद्दाम म्हणते, "बाईचं होऊ द्या पहिले." मला त्याचाही राग येतो. तिला चांगलं वागायलाही माझ्याआधी जमतं.

गुड्डी तो तीस सेकंदांचा तुकडा अजून लावते. मी हमीपत्राची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपलीत ठेवली आहे, ती काढून दाखवते. वाच म्हणते, कोणाचं नाव आहे. ती वाचते आणि म्हणते, "तू लहानीले वाचवलं, मालूम हाय सप्पायले." कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवत नाही.

तो पहिला भाग मात्र आता कुणाकडेच नाही. ज्योत्सनाचा फोन जमा, माझ्याकडचं मी पुसलेलं, बाजारात सगळीकडे कापलेलं. मी तिला म्हटलं, पुन्हा एकदा म्हणून दाखव. ती लाजली, म्हणाली, "तोंडावर कसं म्हनू बाई?"

आहे तो फक्त ठाण्यात, साहेबाच्या कॉम्प्युटरमध्ये. त्या जाड्या चंद्रकुमारला वाटलं तर तो चहा पिता पिता बटण दाबून ऐकू शकतो, तिच्यासारखं बोलता सात गावात कोनाले येत नाई. बाजाराच्या दिवशी तो मासे घ्यायला येतो, मी त्याला मरळ तोलून देते, आणि मला त्याचा एवढा हेवा वाटतो की कधी कधी वजनात मारते.